छाती न उघडता

5 एप्रिल 1933. अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या बार्न्स हॉस्पिटलमध्ये एव्हार्ट्स ग्रॅहम या सर्जननी एका रुग्णाचं डावं फुफ्फुस एका बैठकीत पूर्ण काढून टाकलं. रुग्ण स्वतः डॉक्टर होते, पिट्सबर्गचे प्रसूतितज्ज्ञ, वय 48. कॅन्सरसाठी अख्खं फुफ्फुस एकाच शस्त्रक्रियेत काढलं आणि रुग्ण जगला, असं याआधी घडलं नव्हतं. ते गृहस्थ त्यानंतर जवळपास तीस वर्षं जगले. सिगारेट आणि फुफ्फुसाचा कॅन्सर यांचा संबंध 1950 मध्ये आकडेवारीसह मांडणाऱ्यांपैकी ग्रॅहम एक होते. अनेक वर्षं सिगारेट ओढलेले ग्रॅहम 1957 मध्ये त्याच रोगाने गेले, तेव्हा त्यांचा तो रुग्ण हयात होता.

ही शस्त्रक्रिया वैद्यकाच्या प्रत्येक इतिहासात सापडते. तिच्याआधी काय झालं होतं, हे मात्र एखाद्या ओळीत उरकलं जातं. ऑपरेशन ठरण्यापूर्वी त्या डॉक्टरांच्या घशातून एक धातूची नळी श्वासनलिकेत उतरवली होती, आत दिसलेल्या गाठीचा छोटा तुकडा चिमट्याने काढला होता आणि सूक्ष्मदर्शकाखाली तो कॅन्सरच असल्याचं ठरलं होतं. त्या तुकड्याच्या जोरावर ग्रॅहमनी चाकू हातात घेतला. तो मिळाला नसता तर त्यांना छाती उघडून आत काय आहे ते शोधावं लागलं असतं. त्या काळी बहुतेकांच्या वाट्याला तेच येई. छाती उघडायची, पाहायचं, हाताला लागेल ते घ्यायचं आणि अनेकदा काहीच न करता पुन्हा शिवून टाकायची. निदानातल्या शंकेची किंमत रुग्ण आपल्या बरगड्यांनी चुकवत असे. ही किंमत कमी कशी होत गेली, त्याची ही हकिगत आहे.

छाती ही तपासायला अवघड जागा. पोटातली गाठ दाबून कळते, मानेतली हाताला लागते. छातीत मात्र पुढून-मागून बरगड्यांचा पिंजरा, त्याच्या आत सतत हलणारी फुफ्फुसं, आणि दोन फुफ्फुसांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत, म्हणजे मिडियास्टिनममध्ये, हृदय, महाधमनी, अन्ननलिका, श्वासनलिका आणि लसिकाग्रंथींच्या माळा एकमेकांना खेटून बसलेल्या. बाहेरून सुई घातली तर फुफ्फुसाला भोक पडून छातीत हवा भरण्याची भीती, आणि जरा वाट चुकली तर मोठ्या रक्तवाहिनीत शिरण्याची. 1895 मध्ये राँटगेननी एक्स-रे शोधले आणि छातीतला डाग फोटोत दिसू लागला. पण डाग म्हणजे सावली. ती क्षयाची, न्यूमोनियाची, पू झाल्याची की कॅन्सरची, हे सावली सांगत नाही.

सुईने ते विचारण्याचा प्रयत्न एक्स-रेच्याही आधीचा आहे. बर्लिनच्या एर्न्स्ट फॉन लायडेन यांनी 1883 मध्ये न्यूमोनियाच्या रुग्णांच्या फुफ्फुसात बाहेरून सुई घालून जंतू मिळवले. तीन वर्षांनी पॅरिसच्या पिएर मेनेत्रिए यांनी त्याच रीतीने फुफ्फुसाच्या कॅन्सरचं निदान केलं. गाठ नेमकी कुठे हे दिसत नसताना, ठोकून आणि ऐकून अंदाज बांधायचा आणि सुई आत घालायची. ही वाट लगेच रूढ झाली नाही यात नवल नाही.

खरी वाट उघडली ती घशातून, आणि ती गाठीसाठी नव्हतीच. जर्मनीतल्या फ्रायबुर्गमध्ये गुस्टाफ किलियन हे नाक-घशाचे डॉक्टर होते. श्वासनलिकेत परकी वस्तू गेली तर ती खोकल्याबरोबर आपोआप बाहेर पडेल अशी आशा करायची, नाहीतर पुढे होणाऱ्या न्यूमोनियाची वाट पाहायची, एवढंच त्या वेळी हाती असे. श्वासनलिका इतकी नाजूक आहे की तिच्यात कडक नळी घालताच जीव जाईल, असा सर्वसाधारण समज होता. किलियननी आधी मृतदेहांवर करून पाहिलं. घशाला आणि श्वासनलिकेला कोकेन लावून बधिर केलं तर जिवंत माणूस हे सहन करतो, हे त्यांनी हॉस्पिटलच्याच एका कर्मचाऱ्यावर आजमावलं. कोकेनने डोळा बधिर करता येतो हे व्हिएन्नाच्या कार्ल कोलरनी 1884 मध्ये दाखवलं होतं. त्या शोधाशिवाय पुढचं काहीच घडलं नसतं.

1897 मध्ये एक 63 वर्षांचा शेतकरी किलियनकडे आला. जेवताना डुकराच्या मांसातलं हाड श्वासात गेलं होतं आणि उजव्या मुख्य शाखेत रुतलं होतं. किलियननी अन्ननलिका तपासायची नळी घेतली आणि स्वरयंत्रातून खाली उतरवली. बाहेरून टाकलेल्या प्रकाशात शाखा दिसली, हाड दिसलं. लांबच लांब चिमट्याने ते धरून बाहेर काढलं. साडेतीन सेंटिमीटर लांबीचं, धारदार कडांचं हाड. पुढच्याच वर्षी किलियननी ही पद्धत जाहीरपणे मांडली आणि तिला नाव दिलं, डायरेक्ट ब्रॉन्कोस्कोपी. हाड काढता येतं, तर गाठीचा तुकडाही काढता येईल, हे पुढे ओघानेच आलं.

अमेरिकेत शेव्हलिए जॅक्सन यांनी नळीच्या आतल्या टोकाशी छोटा दिवा बसवला, वेगवेगळ्या आकारांचे चिमटे घडवले आणि ही विद्या शिकवणाऱ्यांची पिढीच तयार केली. मुलांच्या श्वासनलिकेतून आणि अन्ननलिकेतून त्यांनी काढलेल्या पिना, बटणं, नाणी, दाणे, अशा दोन हजारांहून अधिक वस्तू फिलाडेल्फियाच्या म्युटर संग्रहालयात जपून ठेवल्या आहेत. 1933 मध्ये पिट्सबर्गच्या त्या डॉक्टरांचा तुकडा निघाला तो याच परंपरेच्या जोरावर.

पण सरळ, कडक नळीला मर्यादा होती. मुख्य शाखा आणि फार तर पुढचं एखादं वळण, इथवरच तिची नजर. फुफ्फुसाच्या कडेला असलेली गाठ, फुफ्फुसावरणातली गाठ, मिडियास्टिनममधल्या ग्रंथी तिच्या आवाक्याबाहेर. त्या जागांपर्यंत पोचण्याची साधनं आली ती दुसऱ्या एका रोगामुळे. मला या इतिहासातला सगळ्यात महत्त्वाचा धागा हाच वाटतो. कॅन्सरच्या निदानाची हत्यारं बरीचशी क्षयाने घडवली.

स्टॉकहोममध्ये हान्स ख्रिश्चन याकोबेउस नावाचे फिजिशियन होते. 1910 मध्ये त्यांनी मूत्राशय तपासायची दुर्बीण पोटाच्या आणि छातीच्या पोकळीत घालून पाहिली. छातीत पाणी झालेल्या रुग्णांचं पाणी काढायचं, तिथे हवा भरायची आणि बरगड्यांच्या मधून दुर्बीण सरकवून आत पाहायचं, अशी ती रीत. त्या काळी क्षयावर औषध नव्हतं. इटलीच्या कार्लो फोर्लानिनी यांनी सुरू केलेला उपचार चाले तो असा, की छातीत हवा भरून आजारी फुफ्फुस मिटवायचं आणि त्याला विश्रांती द्यायची. पण अनेकांचं फुफ्फुस छातीच्या आतल्या भिंतीला चिकटलेलं असे, मिटत नसे. याकोबेउसनी दुर्बिणीत पाहत, दुसऱ्या छिद्रातून तापलेली तार आत नेऊन ती चिकटलेली पटलं जाळून सोडवायला सुरुवात केली. युरोप-अमेरिकेच्या सॅनेटोरियममध्ये ही शस्त्रक्रिया हजारो रुग्णांवर झाली. आपल्याकडेही पाचगणी आणि मिरजेची सॅनेटोरियमं त्याच काळातली.

क्षयाच्या या कामात याकोबेउसना छातीतल्या गाठीही दिसल्या. छातीत होणारं पाणी क्षयाचं की कॅन्सरचं, हा प्रश्न तेव्हाही रोजचा होता. फुफ्फुसावरणावरचे उंचवटे डोळ्यांनी पाहायचे आणि तिथला तुकडा घ्यायचा, हे त्यांनी करून दाखवलं. 1921 मध्ये त्यांनी छातीतल्या गाठींचं निदान आणि शस्त्रक्रिया यांवरचा अनुभव एका सर्जन सहकाऱ्याबरोबर प्रसिद्ध केला. पुढे क्षयावर स्ट्रेप्टोमायसिन हे औषध आलं, फुफ्फुस मिटवायची गरज उरली नाही आणि बहुतेक ठिकाणी त्या दुर्बिणी कपाटात गेल्या. कॅमेरा लावलेल्या नव्या रूपात त्या परतायला 1990 चं दशक उजाडावं लागलं.

त्याच स्टॉकहोममध्ये एका पिढीनंतर एरिक कार्लेन्स आले. मूळचे कान-नाक-घशाचे. 1949 मध्ये त्यांनी दोन वाटांची श्वासनळी बनवली होती, तिने दोन्ही फुफ्फुसांची ताकद वेगवेगळी मोजता येई. क्षयाच्या शस्त्रक्रियेआधी कुठलं फुफ्फुस किती चालतं हे कळणं गरजेचं होतं. 1959 मध्ये त्यांनी मिडियास्टिनोस्कोपी मांडली. गळ्याच्या खळगीत, छातीच्या हाडाच्या अगदी वर, तीनेक सेंटिमीटरचा आडवा छेद घ्यायचा. श्वासनलिकेवरचं पातळ आवरण उघडायचं आणि त्याच्याखालून बोट सरकवत हाडामागे उतरायचं. बोटाला महाधमनीची धडधड जाणवते, कडक ग्रंथी जाणवतात. मग त्याच वाटेने नळी घालून ग्रंथींचे तुकडे घ्यायचे. काम सर्वस्वी बोटांवरच्या विश्वासाचं, कारण आजूबाजूला शरीरातल्या सगळ्यात मोठ्या रक्तवाहिन्या.

याचं मोल समजायला कॅन्सरचा एक नियम लक्षात घ्यावा लागतो. फुफ्फुसाची गाठ मधल्या ग्रंथींत पोचली असेल, विशेषतः पलीकडच्या बाजूच्या, तर नुसतं फुफ्फुस कापून रुग्ण बरा होत नाही. कार्लेन्सच्या आधी हे बऱ्याचदा छाती उघडल्यावरच कळे. आता ते आधी कळू लागलं आणि व्यर्थ शस्त्रक्रिया टळू लागल्या. पुढची चार दशकं ग्रंथींबद्दलचा शेवटचा शब्द मिडियास्टिनोस्कोपीचाच मानला गेला.

स्वीडनमध्येच सुईनेही पुनर्जन्म घेतला. न्यूयॉर्कच्या मेमोरियल हॉस्पिटलमध्ये हेज मार्टिन आणि एडवर्ड एलिस यांनी 1930 मध्ये गाठींतून जाड सुईने पेशी ओढून तपासल्या होत्या, पण अमेरिकेत या रीतीने फारसं मूळ धरलं नाही. गाठीला सुई लावली की ती पसरते, ही भीती सर्जनांनाही होती. आपल्याकडे ती आजही घराघरांत ऐकू येते. स्टॉकहोमच्या करोलिन्स्का संस्थेतल्या डॉक्टरांनी सुई बारीक केली आणि पेशी वाचण्याची विद्या पक्की केली. ब्योर्न नॉर्डेनस्ट्रॉम हे रेडिओलॉजिस्ट एक्स-रेच्या पडद्यावर पाहत बारीक सुई थेट फुफ्फुसातल्या गाठीत नेऊ लागले. सहकारी दाल्ग्रेनबरोबरचं त्यांचं या विषयावरचं पुस्तक 1966 मध्ये आलं. सुईच्या वाटेवर कॅन्सरच्या पेशी रुजणं हे बारीक सुईत क्वचितच घडतं, हे पुढच्या अनुभवाने दाखवून दिलं. 1970 च्या दशकात सीटी स्कॅन आला. गाठ कुठे, किती खोल, तिच्या शेजारी कोणती रक्तवाहिनी, हे मिलिमीटरमध्ये दिसू लागलं. आज जिल्ह्याच्या गावीही रेडिओलॉजिस्ट सीटीवर पाहत छातीतल्या गाठीची बायॉप्सी घेतात, ती याच घराण्यातली. तिची मुख्य अडचण तीच जुनी. सुई फुफ्फुसातून जाते, आणि काही रुग्णांच्या छातीत हवा साठते.

इकडे घशातल्या वाटेला वळणं घ्यायची होती. 1954 मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये हॅरल्ड हॉपकिन्स आणि त्यांचे विद्यार्थी, पंजाबातल्या मोगा इथे जन्मलेले नरिंदर कपानी, यांनी काचेच्या बारीक तंतूंच्या जुडग्यातून चित्र पोचवून दाखवलं. जुडगं वाकलं तरी चित्र पोचतं. जठराची लवचीक दुर्बीण आधी आली. फुफ्फुसाची आणली ती तोक्योच्या शिगेतो इकेदा यांनी.

इकेदांचा जन्म 1925 चा. तरुणपणी ते स्वतः क्षयाने आजारी होते. पुढे ते तोक्योच्या राष्ट्रीय कॅन्सर केंद्रात छातीच्या रोगांचं काम करू लागले. तिथे त्यांना कडक नळीचा रोजचा छळ दिसत होता. रुग्णाची मान मागे ताणलेली, तोंडात धातू, आणि तरी फुफ्फुसाचे वरचे भाग दिसतच नाहीत. लहान, लवकर सापडणारा कॅन्सर नेमका या न दिसणाऱ्या फांद्यांमध्ये दडतो. त्यांनी माचिदा आणि ऑलिंपस या कंपन्यांच्या मागे लागून सहा मिलिमीटरहून बारीक, पंधरा हजारांहून अधिक काचतंतूंची, टोक वर-खाली वळवता येणारी दुर्बीण करवून घेतली. 1966 मध्ये कोपनहेगनच्या परिषदेत त्यांनी ती जगाला दाखवली. दोनेक वर्षांत ते अमेरिकेतल्या मोठमोठ्या हॉस्पिटलांत ती स्वतः चालवून दाखवत होते.

आज कुणी म्हणालं, ‘दुर्बिणीची तपासणी सांगितली आहे’, तर बहुतेक वेळा इकेदांच्याच दुर्बिणीचा वंशज अभिप्रेत असतो. रुग्ण आडवा, नाकात आणि घशात बधिर करणारं औषध, थोडी गुंगी. नाकातून दुर्बीण जाते, स्वरयंत्राचे दोन पडदे दिसतात, ते ओलांडले की श्वासनलिकेची कमानदार कूर्चावलयं. खाली फाटा, डावीकडे-उजवीकडे फांद्या, त्यांच्याही फांद्या. गाठ आतून दिसली तर तिचा चिमटा. ती नळीच्या आत नसेल, भिंतीला बाहेरून टेकलेली असेल, तर?

या ‘तर’चं पहिलं उत्तर अर्जेंटिनात सापडलं. एदुआर्दो शिएपाती यांनी 1949 मध्ये कडक नळीतून, श्वासनलिका जिथे दुभंगते तिथल्या भिंतीतून सुई पलीकडच्या ग्रंथीत घातली. पण ही रीत सगळीकडे नेली ती अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या को-पेन वांग यांनी. 1978 मध्ये त्यांनी श्वासनलिकेच्या बाजूच्या गाठींवर ही पद्धत प्रसिद्ध केली, पुढे लवचीक दुर्बिणीतून जाईल अशी सुई घडवली आणि कुठल्या वळणावर कुठल्या दिशेने टोचलं की कोणती ग्रंथी लागते याचा नकाशा बांधला. तरीही पलीकडचं काही दिसत नव्हतं. भिंतीच्या मागे ग्रंथी आहे की फुफ्फुसाची धमनी, हे सीटीचा फोटो आठवून आणि अनुभवावर ठरवायचं. ज्यांचा हात बसला त्यांना ही सुई वरदान ठरली. बाकीच्यांनी ती बाजूला ठेवली.

भिंतीपलीकडे पाहायला ध्वनी उपयोगी पडला. सोनोग्राफीचा छोटा प्रोब दुर्बिणीतून आत नेण्याचे प्रयोग जर्मनीत 1990 च्या सुमारास सुरू झाले. पाहणं आणि टोचणं एकाच वेळी जमावं म्हणून जपानच्या चिबा विद्यापीठातले छातीचे सर्जन काझुहिरो यासुफुकू यांनी ऑलिंपसबरोबर दुर्बिणीच्या टोकालाच सोनोग्राफीचा वळणदार प्रोब बसवला. 2004 मध्ये त्यांनी 70 रुग्णांवरचा अनुभव प्रसिद्ध केला. या पद्धतीला ईबस म्हणतात.

ईबसच्या खोलीत दोन पडदे असतात. एकावर श्वासनलिका, दुसऱ्यावर राखाडी सोनोग्राफी. भिंतीला टेकवलेल्या प्रोबच्या चित्रात ग्रंथी गडद अंडाकृती दिसते, शेजारची रक्तवाहिनी डॉपलर लावला की रंगाने भरते. डॉक्टर पाऊण मिलिमीटरहून बारीक सुई भिंतीतून पलीकडे ढकलतात आणि तिचं चकाकतं टोक ग्रंथीत शिरताना पडद्यावर दिसतं. दहा-पंधरा वेळा पुढे-मागे करून सुई बाहेर येते. तिच्यातलं द्रव्य काचेच्या पट्टीवर उतरवतात, दुसऱ्या पट्टीने पसरवतात. काही ठिकाणी पॅथॉलॉजिस्ट तिथेच सूक्ष्मदर्शक मांडून बसलेले असतात. पेशी पुरेशा आहेत का, हे ते काही मिनिटांत सांगतात. नाहीत म्हणाले, तर सुई परत आत. टाका पडत नाही, आणि बहुतेक रुग्ण त्याच दिवशी घरी जातात.

मिडियास्टिनोस्कोपीची जागा ही सुई घेईल का, यावर बराच वाद झाला. बेल्जियम, नेदरलँड्स आणि इंग्लंडमधल्या चार केंद्रांनी 241 रुग्णांवर केलेला अभ्यास 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटात थेट शस्त्रक्रियेने ग्रंथी तपासल्या. दुसऱ्यात आधी श्वासनलिकेतून आणि अन्ननलिकेतून सोनोग्राफी व सुई, आणि तिने काही सापडलं नाही तरच मिडियास्टिनोस्कोपी. पसरलेला कॅन्सर ओळखण्याचं प्रमाण पहिल्या गटात 79 टक्के होतं, दुसऱ्यात 94. अनावश्यक ठरलेल्या छातीच्या शस्त्रक्रिया 18 टक्क्यांवरून 7 वर आल्या. आधी सुई, मग गरज पडली तर छेद, हा क्रम तेव्हापासून रूढ झाला.

तोवर तुकड्याकडून अपेक्षाही वाढल्या होत्या. 2004 मध्ये फुफ्फुसाच्या काही कॅन्सरमध्ये ईजीएफआर जनुकातले बदल सापडले, 2007 मध्ये जपानी संशोधकांना एएलके जनुकाचा जोड सापडला. कॅन्सर आहे की नाही एवढं सांगून आता भागत नाही. कोणता, कुठल्या जनुकाचा, कोणतं औषध लागू पडेल, हे सगळं त्याच कणभर द्रव्यातून काढायचं असतं. म्हणून सुईतला प्रत्येक थेंब नीट जपणं हे आता टोचण्याइतकंच महत्त्वाचं काम झालं आहे.

भारतात ही सुई एका जुन्या घोटाळ्याचाही निकाल लावते. जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे पाव आपल्याकडे आहेत. त्यामुळे छातीत डाग दिसला, वजन उतरलं, खोकला हटेना, की क्षयाची औषधं सुरू होतात, अनेकदा थुंकीत जंतू सापडले नसतानाही. कित्येक कॅन्सरच्या रुग्णांचे यात महिनोन्महिने जातात आणि मोठ्या हॉस्पिटलात पोचेपर्यंत शस्त्रक्रियेची वेळ टळून गेलेली असते. उलटही घडतं. मिडियास्टिनममधल्या सुजलेल्या ग्रंथी पाहून घरचे कॅन्सरच्या धास्तीने खचतात आणि सुईत निघतो क्षय किंवा सार्कॉइडोसिस हा कॅन्सर नसलेला आजार. म्हणून इथे ईबसचं द्रव्य दोन वाटांनी जातं. काही पॅथॉलॉजीकडे, काही जीनएक्स्पर्ट या क्षयाच्या तपासणीसाठी आणि कल्चरसाठी मायक्रोबायोलॉजीकडे. ज्या डागाचं निदान थुंकीतून होत नाही, त्याचा तुकडा मिळवल्याशिवाय महिनोन्महिने औषधं देत राहू नये, असं मला मनापासून वाटतं.

सुईलाही सगळं जमत नाही. लिम्फोमासारख्या, म्हणजे लसिकाग्रंथींच्या कॅन्सरसारख्या, रोगात विखुरलेल्या पेशींवरून प्रकार ठरवणं कठीण जातं, त्यासाठी ऊतीचा जरा मोठा, सलग तुकडा लागतो. अलीकडे ईबसच्याच वाटेने अतिशीत टोकाला चिकटवून असा तुकडा काढण्याचे प्रयत्न होत आहेत. छातीच्या हाडामागे अगदी पुढे असलेल्या, थायमस ग्रंथीतल्यासारख्या, गाठींपर्यंत श्वासनलिकेतून पोचता येत नाही, तिथे सीटीवर पाहत बाहेरूनच जाड सुई घालतात. आणि ईबसची सुई रिकामी आली, तरी डॉक्टरांची शंका फिटली नसेल, तर सर्जन गळ्याच्या खळगीत तीन सेंटिमीटरचा आडवा छेद घेतात आणि 1959 मध्ये कार्लेन्सनी सांगितल्याप्रमाणे श्वासनलिकेच्या पुढून खाली उतरतात.